समासातले शेरे

"‘साहेबांच्या या परिच्छेदाचा अर्थ लागल्यास मला उठवावे.’ काय आहे हे?"

साहेबांनी तो कागद दोन बोटांत असा धरला होता, जणू नुकताच गटारातून काढलाय. टेबलासमोर जावकताई उभी होती. तिने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, कागद पाहिला. पत्र तिनेच टाइप केलेलं होतं, पाच वर्षांपूर्वी. मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी दोन दिवस पाणी बंद राहील, अशी साधी सूचना. पण उजव्या समासात एक फिकट चौकट उमटली होती आणि त्या चौकटीत ते वाक्य. त्याखाली दुसरी चौकट, तीत तिचं स्वतःचं उत्तर: ‘मग तुम्ही निवृत्तीपर्यंत झोपा.’ नशीब, साहेबांची नजर अजून तिथवर पोचली नव्हती.

"साहेब म्हणजे कोण? मी?"

"नाही, साहेब. तुमच्या आधीचे."

"मुख्यालयाला काय कळणार आधीचे की आत्ताचे? फोनवर हसत होते ते. मला ऐकू येत होतं." साहेबांनी गठ्ठा पुढे ओढला आणि पानं उलटायला सुरुवात केली. "चाळीस पत्रं पाठवलीत तुम्ही बुधवारी. चाळीसही पत्रांना ही शेपटं. हे बघा. ‘बाई, आज डब्यात काय आहे? वास इथवर आला.’ पाणीपुरवठा कार्यालयाच्या पत्रावर! ‘बाई, खिडकी लावा.’ इथे पुन्हा, ‘बाई, खिडकी.’ इथे नुसतंच ‘खिडकी’ आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. ही खिडकीची काय भानगड आहे?"

"शेरे आहेत ते, साहेब. कच्च्या मसुद्यावरचे. भाऊंचे."

"कोण भाऊ?"

हे मात्र तिला लागलं. साहेबांना इथे येऊन पाच महिने झाले होते आणि भाऊंना जाऊन चौदा. साहेबांचा काही दोष नव्हता, हे तिला कळत होतं. तरी लागलं.

"मोठे कारकून होते इथे. मागच्या वर्षी वारले."

साहेबांनी तेवढ्यापुरता चेहरा लांब केला. मग म्हणाले, "वाईट झालं. पण पीडीएफ करताना तुम्ही उघडून बघितलं नाहीत?"

उघडून बघायचं! जावकताईला हसावं की रडावं ते कळेना. तिचं ते यंत्र सकाळी चालू केलं की शिपाई मामांचा चहा होऊन कप विसळून होईपर्यंत नुसतं गोल गोल फिरत असे. एक पत्र उघडायला दीड मिनिट. मग ‘सेव्ह ॲज’, मग पीडीएफ निवडायचं, मग नाव द्यायचं. नाव तरी साधं असावं? आधी साल, मग आडवी रेघ, मग क्रमांक, मधे जागा सोडायची नाही. जागा सुटली की मुख्यालयाचं पोर्टल फाईल परत फेकायचं आणि वर ‘अज्ञात चूक’ असं सांगायचं. तिला चूक ज्ञात होती, पोर्टललाच अज्ञात होती. असली दोन हजार पत्रं, मुदत पाच दिवस, आणि त्यातलं प्रत्येक पुन्हा उघडून बघायचं म्हणजे तिने पुढचा जन्मही याच खुर्चीत काढायचा.

तिने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "चुकलं, साहेब," एवढंच म्हणाली.

"मुदत आज पाच वाजता संपते. पाचनंतर जुन्या सगळ्या मूळ फाईली पुसणार आहेत, सोमवारी नवीन यंत्रं बसतायत. त्याच्या आत मला सगळं स्वच्छ हवं. समासात काही नको. आणि हा गठ्ठा," त्यांनी तो तिच्याकडे सरकवला, "हा मला पुन्हा या कार्यालयात दिसता कामा नये."

कागदाची बचत व्हावी म्हणून सगळ्याच्या पीडीएफ करा, असं फर्मान काढणाऱ्या मुख्यालयाने चूक दाखवायला चाळीसच्या चाळीस पीडीएफ छापल्या होत्या, प्रत्येक शेऱ्याभोवती लाल पेनाने गोल काढले होते, वर ‘समासात अनावश्यक मजकूर’ असं पत्र लावलं होतं आणि तो गठ्ठा खास गाडीने पाठवला होता. जावकताईने तो छातीशी धरला आणि बाहेर आली.

बाहेर तिच्या टेबलावरचे कागद उडत होते, कारण खिडकी सताड उघडी होती. शिपाई मामा जमिनीवरचा एक कागद उचलत म्हणाले, "ताई, ती खिडकी लावू का? रोज मी कागदांच्या मागे धावायचं?"

"नको."

"बरं, बाई. धावतो."

तिला जावकताई म्हणत, कारण सव्वीस वर्षं ती जावक टेबलावर होती. कार्यालयातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद तिच्या नोंदवहीतून जायचा. क्रमांक, तारीख, कोणास, विषय. ‘नोंद नाही तर कागद गेलाच नाही,’ हे तिचं ब्रीद. तिच्या नवऱ्याने एकदा चेष्टेत म्हटलं होतं की मी घराबाहेर पडताना पण क्रमांक टाकून देत जा. तिने त्यालाही उत्तर दिलं होतं, "मग परत आल्याची आवकमध्ये नोंद कोण करणार?"

तिच्या समोरचं टेबल भाऊंचं. मोठे कारकून हे त्यांचं पद आणि भाऊ हे तिने म्हणायला सुरुवात केलेलं नाव, ते मग सगळ्यांनीच उचललं. मसुदा तिने टाइप करायचा, भाऊंनी तपासायचा. त्यांचा आवाज खणखणीत होता. चूक सापडली की त्या टेबलावरून ओरडायचे, "बाई, हे पत्र आहे की धमकी? नळ गळतोय त्याचा, खून नाही केलेला." साऱ्या कार्यालयाला ऐकू जायचं आणि ती लाजेने मरायची. तेव्हा तिला वाटायचं, देवा, या माणसाचा आवाज जरा कमी कर.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागलं. तीन महिन्यांनी भाऊ कामावर आले ते मानेत एक भोक, त्यावर पातळ रुमाल आणि तोंडातून नुसती हवा. श्वासही त्या भोकातूनच घ्यायचा. ज्या दिवशी आले त्या दिवशी त्यांनी तिचा मसुदा संगणकावर उघडला आणि समासात शेरा टाकायची ती चौकट कुठूनशी शोधून काढली. तिच्या पडद्यावर अक्षरं उमटली, ‘बाई, हे पत्र आहे की धमकी?’

तिने त्याखाली उत्तर लिहिलं, ‘धमकीच आहे. नळ तीन महिने गळतोय. तुम्ही नव्हतात ना.’

समोर भाऊंचे खांदे हलले. आवाज न होता हसत होते.

तिथून सहा वर्षं दोघं समासात बोलली. साडेसहाशे पत्रं. काम असायचंच, पण कामाच्या आजूबाजूला बाकीचंही असायचं. कोणाची बदली होणार, मामांच्या गुडघ्याला कोणतं तेल लावावं, साहेब आज कोणाला चावले. आणि खिडकी. खिडकी भाऊंच्या पाठीमागे होती. जावकताईला उकडायचं, भाऊंना मानेच्या भोकात वारा आणि धूळ सहन होत नसे. ती उघडायची, ते लावायला सांगायचे, ती काणाडोळा करायची, ते पुढच्या पत्रावर पुन्हा लिहायचे. शेवटी ती धाडकन लावायची. सहा वर्षांत एकदाही गोडीने लावली नाही. आता खिडकी दिवसभर उघडी असायची आणि तिला कोणी काही म्हणत नसे.

भाऊ गेल्यावर तिने पडद्यावरचा शेऱ्यांचा रकाना मिटून टाकला होता. दिसायला नको म्हणून. आपल्याला दिसत नाही म्हणजे कागदावरही येणार नाही, अशी तिची समजूत. सव्वीस वर्षांत तिने केलेली ही एकच मोठी चूक, आणि तीही डोळे मिटून घेतल्याची.

साडेअकराला संगणकवाले आले. मुख्यालयाचे हे एकमेव तज्ज्ञ, पन्नाशीचे, दोन खांद्यांना दोन पिशव्या, बारा कार्यालयं फिरून कंटाळलेले. नव्या यंत्रांची खोकी बाकावर रचलेली बघून त्यांनी सुस्कारा टाकला.

"या चाळीस पीडीएफमधले शेरे पुसता येतील का?" जावकताईने विचारलं. "म्हणजे तेवढं तरी पुन्हा करायला नको."

"पीडीएफमधून? नाही, बाई. वर्डमध्ये शेरा वेगळा असतो, मजकूर वेगळा. पीडीएफ केली की सगळं एकजीव होतं. ठसा उमटला तो उमटला. माझ्याकडून तरी नाही निघणार."

"म्हणजे चूक केली की ती कायमची?"

"असंच काहीसं. म्हणून तर सगळ्यांना पीडीएफ हवी असते. नंतर कोणाला त्यात हात घालता येत नाही."

"आणि मूळ फाईलींमधले शेरे? ते पाचच्या आत वेगळे काढून ठेवता येतील?"

संगणकवाल्यांनी एक पिशवी खाली ठेवली. "शेरे वेगळे? कशाला?"

आता यांना काय सांगणार? चौदा महिने मी ते उघडले नाहीत आणि आता ते जाणार म्हटल्यावर माझा जीव वर-खाली होतोय, असं? "लागतात," ती म्हणाली.

"काढता येतील एकेका फाईलीतून. पण मला आज अजून तीन कार्यालयं करायचीयत. पेनड्राइव्ह तर तुमच्या यंत्रांना बंदच केलेत. बाहेर मेल जात नाही. तुम्हीच बघा कसं जमतंय ते."

तिने बघितलं. मधल्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. भाऊंच्या वर्षांचं फोल्डर उघडलं, रकाना उलगडला, शाळकरी वही काढली आणि हाताने उतरवायला लागली. ‘बाई, रागात लिहिलेलं पत्र जेवणानंतर पुन्हा वाचावं.’ ‘डॉक्टर म्हणतात बोलू नका. मी म्हटलं, बरं.’ ‘आज आमच्या हिने मला तीन वेळा हाक मारली आणि उत्तर का देत नाही म्हणून रागावली. मग आठवलं तिला. मग रडली. मी पाटीवर एक गाढव काढून दाखवलं.’ हे शेवटचं जलमापक बदलण्याच्या नोटिशीच्या समासात होतं. खाली तिचं उत्तर, ‘गाढव कोण?’ आणि त्याखाली भाऊंचं, ‘ते तिने विचारलं नाही. तिला माहीत आहे.’

सतरा शेरे उतरवून झाले तेव्हा तिच्या लक्षात आलं की या वेगाने सगळे उतरवायला दोन आठवडे लागतील. तरी ती लिहीत राहिली. दुसरं काय करणार?

अडीच वाजता दारात वहिनी उभ्या होत्या. भाऊंची बायको. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि चेहऱ्यावर ते सरकारी दारात येणारं अवघडलेपण. बाकावर खोकी होती म्हणून मामांनी त्यांना भाऊंच्याच खुर्चीवर बसवलं.

"तुम्हाला त्रास द्यायला आले बघा, ताई," वहिनी म्हणाल्या. "वसाहतीतलं घर आणखी सहा महिने ठेवायला परवानगी मिळतेय. पण यांच्या सेवेचा दाखला लागतो. आणि तो म्हणे कागदावर चालत नाही. ती तुमची पीडीएफ का काय, तीच लागते. आज पाचपर्यंत. मी महिनाभर कागद घेऊनच हेलपाटे घालतेय. आज सांगितलं त्यांनी."

"आज सांगितलं? शेवटच्या दिवशी?" जावकताईचा पारा चढला. "त्यांना काय जातंय सांगायला. पाठवायचं काम मी इथूनच करते, तुम्ही बसा."

वहिनींनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. तिथे भाऊंच्या घड्याळाच्या पट्ट्याने घासून पडलेली एक खूण होती. "इथे बसून काय करायचे हो दिवसभर? बोलता तर येत नव्हतं."

"बोलायचे," जावकताई म्हणाली. "लिहून. माझं डोकं खायचे नुसतं."

"घरीपण लिहूनच. नातीची पाटी होती. लिहायचे, मी वाचायचे, की लगेच पुसायचे. पुढचं लिहायला जागा हवी ना." वहिनी पिशवीच्या बंदाशी खेळत होत्या. "सहा वर्षं बोलत होते माझ्याशी, आणि त्यातलं एक अक्षर नाही राहिलं माझ्याकडे. कधी वाटलंच नाही ठेवावं असं. शेवटच्या दिवशी पाटीवर काहीतरी लिहिलं होतं. मी दवाखान्याला फोन लावला, त्यांनी गाडीचा नंबर सांगितला, हाताशी पाटीच होती. पुसली आणि त्यावर नंबर लिहिला."

"काय लिहिलं होतं?"

"वाचलंच नाही, ताई."

जावकताईला स्वतःची भयंकर लाज वाटली. साडेसहाशे पत्रांच्या समासात या बाईचा नवरा बसला होता, आणि चौदा महिन्यांत आपल्याला एकदाही वाटलं नाही की हे आणखी कोणाचं तरी आहे. आपण आपला रकाना मिटून बसलो. संध्याकाळपर्यंत जेवढे उतरवून होतील तेवढे शेरे वहिनींना द्यायचे, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. आणि मग मनात घड्याळ पाहिलं. दाखला की वही? दोन्हीला पाचच वाजेपर्यंत वेळ होता. पण घर ते घर. तिने वही मिटली.

"माझ्या टेबलाला हात लावू नका हां," अजून खोक्यांत अडकलेल्या संगणकवाल्यांना बजावून ती दाखल्याच्या मागे लागली.

दाखला टाइप करायला सहा मिनिटं लागली. बाकीचा दीड तास पीडीएफने खाल्ला. आधी छापायचा, कारण साहेबांची सही पेनाने हवी. साहेबांनी तो तीनदा वाचला. ‘सेवेत होते’च्या जागी ‘कार्यरत होते’ करायला लावलं, तिने नवा छापून आणला, मग म्हणाले, "नको, सेवेतच बरं होतं." सही झाली. शिक्का मारला. स्कॅनर साहेबांच्याच खोलीत, कपाटाच्या वर, कारण पूर्वीच्या साहेबांना शंका होती की लोक त्यावर घरचे फोटो काढतात. स्टुलावर चढून तिने कागद आत घातला. पीडीएफ झाली. पोर्टल म्हणालं, फाईल फार मोठी आहे. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केली. लहान झाली, पण शिक्का दिसेना. पुन्हा शिक्का मारला, जोर लावून. पुन्हा स्टूल. आता पोर्टल म्हणालं, नावात जागा आहे. तिने जागा काढली. पोर्टल म्हणालं, अज्ञात चूक.

"अहो, पण कोणती?" ती स्टुलावरूनच यंत्रावर खेकसली.

मधे साहेब पाय मोकळे करायला बाहेर जाऊन आले. तिने पाहिलं, पण लक्ष दिलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण आली. दाखला पोचला. तिने पोचपावती छापली आणि जिंकल्यासारखी बाहेर आली.

संगणकवाले पिशवीची चेन लावत होते. चेहरा प्रसन्न.

"झालं, बाई, तुमचं काम!"

"कोणतं काम?"

"सगळंच. साहेब येऊन म्हणाले, ताईंना एकटीला व्हायचं नाही, तुम्हीच एकदम साफ करून टाका. माझ्याकडे एक सोय आहे, सगळ्या फोल्डरला एकदम लावता येते. शेरे काढले, पीडीएफ केल्या, मुख्यालयाला चढवल्या. तुमच्या त्या चाळीसही नव्याने स्वच्छ झाल्या, जुन्या काढून टाकल्या. आठवड्याचं काम चाळीस मिनिटांत."

"मूळ फाईली?"

"पुसल्या. पाचपर्यंत थांबायचं कशाला?"

जावकताई त्यांच्या वाटेत उभी राहिली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, टेबलाला हात लावू नका."

"टेबलाला कुठे लावला? सर्व्हरवरून केलं."

सव्वीस वर्षांत जावकताईचा आवाज कधी त्या खोलीच्या बाहेर गेला नव्हता. आज गेला. "कोणी सांगितलं होतं हो तुम्हाला? चार दिवस मी इथे एकेक फाईल उघडत मरतेय तेव्हा ही सोय कुठे होती? तेव्हा म्हणालात, तुम्हीच बघा! आणि मी जरा पाठ वळवली तर चाळीस मिनिटांत सहा वर्षं पुसून मोकळे झालात? परत आणा. मला काही माहीत नाही. परत आणा ते."

संगणकवाले भांबावले. "बाई, याच्यासाठी लोक मला चहा पाजतात. आणि ते परत येत नाही. तिथे काही ठेवलेलंच नाही."

साहेबांनी दारातून डोकावून पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, आत गेले. मामांनी संगणकवाल्यांच्या पाठीवर हात ठेवला. "चला, मी पाजतो चहा. ओरडू द्या त्यांना. फार दिवसांचं राहिलंय."

दोघं गेल्यावर खोलीत जावकताई, वहिनी आणि खिडकीतला वारा एवढंच उरलं. वहिनी घाबरून उभ्या राहिल्या होत्या. "ताई, माझ्यामुळे काही घोटाळा झाला का?"

"नाही. दाखला गेला. ही पावती. घर राहिलं तुमचं." तिने पावती दिली आणि खुर्चीत बसली. तिला रडायचं नव्हतं म्हणून ती टेबल आवरायला लागली. वही बाजूला केली. पंच केलेल्या कागदांच्या टिकल्या झाडल्या. मग हात त्या गठ्ठ्यावर पडला.

लाल गोल काढलेला गठ्ठा. चाळीस पत्रं. चुकलेली, परत आलेली, कार्यालयात दिसता कामा नये अशी. तिने वरचा कागद उचलला. फिकट चौकट जागच्या जागी होती, साहेबांचा परिच्छेद आणि भाऊंची झोप. दुसरा उचलला. तिसरा. ठसा उमटला तो उमटला, असं तो माणूस सकाळी म्हणाला होता, आणि तेव्हा तिला त्याचा किती संताप आला होता. बुधवारी तिने डोळे उघडे ठेवून काम नीट केलं असतं, तर आज हेही राहिलं नसतं.

तिने खणातून मोठं पाकीट काढलं. वहीतली उतरवलेल्या शेऱ्यांची पानं अलगद फाडली आणि टाचणीने गठ्ठ्याला लावली. मग जावक नोंदवही पुढे ओढली, कारण नोंद नाही तर कागद गेलाच नाही. क्रमांक टाकला. तारीख टाकली. ‘कोणास’ या रकान्यात वहिनींचं नाव आणि वसाहतीतल्या घराचा नंबर लिहिला. ‘विषय’पाशी ती क्षणभर थांबली. मग मुख्यालयाचे शब्द जसेच्या तसे घेतले: ‘समासातील अनावश्यक मजकूर, पाने चाळीस. ज्यांचा त्यांना परत.’ खाली सही केली. साहेबांच्या आदेशाचं यात तंतोतंत पालन होतं. नळगळतीच्या पत्रांत लपवण्यासारखं काही नव्हतं, ती तर गावभर वाटलेली होती.

"वहिनी, हे घ्या. इथे सही करा. मिळालं म्हणून."

"काय आहे?"

"पाटी," जावकताई म्हणाली. "चाळीस वेळा न पुसलेली. पत्राकडे बघू नका, ते आमचं आहे. लाल गोलातलं वाचा. जिथे ‘बाई’ म्हटलंय ती मी, आणि ‘आमची ही’ म्हणजे तुम्ही."

वहिनी सही करून पुन्हा भाऊंच्या खुर्चीत बसल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. पहिला कागद जवळ धरून मनातल्या मनात वाचला. दुसरा वाचताना ओठ हलायला लागले. तिसऱ्याला त्यांच्या तोंडून फस्सकन हसू निघालं आणि त्यांनी दचकून साहेबांच्या दाराकडे पाहिलं.

"असंच बोलायचे हो," त्या म्हणाल्या. "आवाज होता तेव्हा. अगदी असंच."

मग त्या मोठ्याने वाचायला लागल्या, त्यांच्याही नकळत भाऊंच्या ढंगात, एकेका शब्दावर बोट ठेवल्यासारखं ठासून. जावकताई समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होती. आजवर जे तिने नुसतं वाचलं होतं ते ती पहिल्यांदाच ऐकत होती. वाऱ्याने कागदाची कड फडफडली, वहिनींनी ती हाताने दाबून धरली आणि पुढचं पान घेतलं.

"‘बाई, खिडकी लावा. वारा थेट मानेवर येतो.’"

त्यांनी मान वर केली नाही. त्या पुढचं पान उलटत होत्या.

जावकताई उठली, भाऊंच्या खुर्चीमागे गेली आणि आवाज न करता तिने खिडकी लावली.